बेत बाळाच्या झोपेभोवती आखा

मे महिन्यात दीड वर्षाच्या मुलाला घेऊन कोकणात जायचं, तर ठिकाणं कमी आणि मुक्काम मोठा हवा. जागतिक आरोग्य संघटनेच्या शिफारशीनुसार एक ते दोन वर्षांच्या मुलांना दुपारच्या झोपेसह दिवसाला ११ ते १४ तास झोप हवी. शिवाय वजनाच्या मानाने त्वचेचं क्षेत्रफळ जास्त असल्याने ती उन्हात लवकर तापतात. म्हणून समुद्र सकाळी. दुपारी सावलीत मऊ वरणभात आणि झोप. ‘एवढ्या लहानपणीचं काय आठवणार?’ असं कोणी म्हणेल. आठवणार नाही, हे खरं. पण ओल्या वाळूत बोटं खुपसताना, लाट येताच मागे सरताना मूल शिकतच असतं. बेत आखताना आधी झोपेची वेळ लिहा, मग गाडीची.