पुठ्ठ्याच्या पेटींतील मुकी कळ

दोन भिंगें बसविलेल्या पुठ्ठ्याच्या पेटींत मोबाइल फोन ठेवून डोळे लावावे, तों आपण जणूं चित्राच्या आंतच उभे आहों असें वाटतें. दोन्ही डोळ्यांस किंचित् निराळीं चित्रें दाखविलीं म्हणजे खोली भासते, हें चार्ल्स व्हीटस्टन यांनीं १८३८ सालीं सप्रयोग दाखविलें होतें. गूगल कंपनीनें २०१४ सालीं तेंच तत्त्व पुठ्ठ्याच्या स्वस्त पेटींत घातलें. तिनें आपली विक्री २०२१ सालीं बंद केली. तथापि आराखडे खुले असल्यामुळें अशी पेटी घरींहि करतां येते.

समजा, आपल्या जिल्ह्यांतील चांदबिबीच्या महालाचें चौफेर चित्र आपण पाहत आहों. मान वळविली कीं देखावा वळतो. परंतु पुढें जाण्याच्या खुणेवर दृष्टि ठेवून कळ दाबली, तर कांहींच घडत नाहीं. मुलगा आणखी जोरानें दाबतो, पुठ्ठा फाटतो, आणि पालकांस वाटतें कीं फोन बिघडला, आतां नवा घ्यावा लागणार! बहुधा तसें नसतें.

फोनच्या कांचेस जोर कळत नाहीं. तिच्याखालीं अल्पसा विद्युद्भार असलेल्या, डोळ्यांस न दिसणाऱ्या वाहक पट्ट्यांचें जाळें असतें. आपलें शरीर वाहक असल्यामुळें बोट टेकतांच तेथील भारांत फरक पडतो, व त्यावरून स्पर्शाची जागा ठरते. कोरडी काडी कितीहि दाबली तरी व्यर्थ. २०१५ सालच्या पेटीची कळ याच तत्त्वावर चालते: आंतील दांड्याच्या टोकाची वाहक गादी कांचेस टेकते, आणि बोटाचा परिणाम कळींतून तेथवर पोंचतो. गादी झिजली, कळीवरील वाहक पट्टी सुटली, किंवा कांचेवर जाड तावदान चिकटविलें, म्हणजे कळ मुकी होते. २०१४ सालच्या पेटीस मात्र बाजूला लोहचुंबकाचें कडें असे. तें सरकविलें कीं फोनमधील होकायंत्रास फरक जाणवे. ज्या फोनांत होकायंत्र नाहीं, तेथें तें कडें नुसता दागिना.

म्हणून प्रथम फोन पेटींतून काढावा, कांच पुसावी, आणि कोरड्या बोटानें तेंच ॲप चालवून पाहावें. चाललें तर दोष पेटीचा. न चाललें तर दुसरें ॲप उघडावें. तेथें बोट चालत असेल तर कांच निर्दोष आहे. दोन्हीकडे न चालल्यासच दुरुस्तीवाल्याकडे जावें.

दोष पेटीचा ठरल्यास अँड्रॉइड फोनांत एक नामी सोय आहे. फोनच्या माहितींतील बिल्ड क्रमांकावर सात वेळां टेकलें कीं डेव्हलपर पर्याय खुले होतात. त्यांत स्पर्श दाखविण्याची सोय चालू करावी. मग जेथें स्पर्श होईल तेथें ठिपका उमटतो. फोन पेटींत ठेवून कळ दाबावी. ठिपका दिसला नाहीं, तर दांडा कांचेस लागत नाहीं किंवा तो वाहक नाहीं. फोन लहान असेल तर दांडा कडेच्या चौकटीवरच आपटतो. फोन थोडा सरकविला म्हणजे काम भागतें.

ठिपका उमटूनहि चित्र पुढें सरकत नसेल, तर दोष ॲप रचणाऱ्याचा. साधा खेळ 'बोट कोठें टेकलें' एवढेंच विचारतो. पेटींतील दांडा तर नेहमीं एकाच जागीं टेकतो! तेव्हां ॲपनें स्पर्शाची जागा सोडून दृष्टीच्या मध्यबिंदूशीं कोणती वस्तु आहे तें पाहावें, व तिच्यावरच कळ दाबली असें धरावें. आमच्या वरच्या वर्गांतील ज्या मुलांस ॲप रचण्याची हौस आहे, त्यांनीं पहिल्याने हेंच तपासावें.