केशरी रताळं बेळगावात पिकेल का?

नोव्हेनात सुपरमार्केटमध्ये जांभळ्या, केशरी, पिवळ्या गराची रताळी शेजारी शेजारी असतात. फोटो पाठवला, तर बेळगावहून बाबांचा प्रश्न, ‘ही वेल आपल्या लाल मातीत लावली तर?’ कॉम्प्युटरवाल्याला शेतीतलं विचारतात! म्हणून थोडं वाचलं.

रताळं लावतात वेलीच्या तुकड्यांनी, म्हणजे मूळ वेलीची हुबेहूब कॉपी. बियांपासून मात्र प्रत्येक रोप वेगळं निघतं. गुणसूत्रंच ९०, माणसाच्या जवळजवळ दुप्पट! या वेगळेपणातूनच शास्त्रज्ञ नवी जात निवडतात. गराचा रंग बराचसा आनुवंशिक, तो गाव बदललं तरी टिकतो. उताऱ्यात माती, पाऊस, खत यांचाही मोठा वाटा.

इथून बॅगेत वेल नेता येत नाही, प्लांट क्वारंटाइनचे नियम आहेत. गरजही नाही, तिरुवनंतपुरमच्या केंद्रीय कंदपिके संशोधन संस्थेची ‘भू सोना’ केशरीच आहे. बाबांना म्हटलं, दोन सरी तिच्या लावा, शेजारी आपली लाल सालीची ठेवा, दोन-तीन हंगाम वजन करा. आपली मात्र मोडू नका. आईला शिवरात्रीला तीच लागते, आणि डब्यात बी भरून ठेवावं असं हे पीक नाही. दरवर्षी लावली तरच ती वेल राहते.