काट्यापाशी कोण उभं असतं?

जळगाव जिल्ह्यातल्या रावेर तालुक्यात केळीची कापणी उन्हं चढायच्या आत उरकायची असते. टोळीतला एक जण कोयत्याने झाडाला चीर देतो, घडाच्या भाराने झाड वाकतं आणि खाली उभा असलेला दुसरा तो घड अलगद खांद्यावर घेतो. घड जमिनीला टेकवायचा नाही. टेकला की साल काळवंडते आणि व्यापाऱ्याचा माणूस तो बाजूला काढतो. दांडा कापला की चीक गळतो. दिसायला पाण्यासारखा, पण कपड्यावर पडला की डाग कायमचा. म्हणून कापणीचे कपडे वेगळे ठेवलेले असतात. मजूर बहुतेक सातपुड्याच्या पायथ्याचे, तडवी, पावरा, बारेला. पंचवीस किलोचा घड खांद्यावर घेऊन चिखलातून ओळीने चालत बांधापर्यंत येणं हे पाहायला सोपं वाटतं. तसं ते नाही.

माल बांधावर आला की खरी गोष्ट सुरू होते. घडाचं सरासरी वजन, ज्याला इथे रास म्हणतात, किती धरायचं? दांड्याचं वजन मोजायचं की वजा करायचं? कुठला घड वापसीत, म्हणजे नाकारलेल्या मालात, टाकायचा? नवती, पिलबाग, कांदेबाग, वापसी असे मालाच्या प्रकारानुसार वेगवेगळे भाव रोज जाहीर होतात आणि रावेर-यावलचा शेतकरी पलीकडच्या बऱ्हाणपूरच्या बाजाराकडेही डोळा ठेवून असतो. पण जाहीर भाव आणि हातात पडणारा भाव यांत अंतर पडतं, ही इथली जुनी तक्रार. तक्रार करणारे भावाबद्दल कमी आणि वजनाच्या काट्याबद्दल जास्त बोलतात, हे मला लक्षणीय वाटलं.

कारण घानातल्या कोकोच्या शेतकऱ्यांचीही सुरुवात काट्यापासूनच झाली होती. तिथे सरकारने खासगी खरेदीदारांना कोकोच्या बाजारात येऊ दिलं, तेव्हा १९९३ मध्ये काही शेतकऱ्यांनी ‘कुआपा कोकू’ नावाची स्वतःची सहकारी संस्था उभी केली. गावागावांत त्यांनी आपल्यातलाच माणूस निवडून वजनाला बसवला. मापात मारणारे कारकून हे त्यांचं मोठं दुखणं होतं. पुढे १९९८ मध्ये ब्रिटनमध्ये ‘डिव्हाइन’ ही चॉकलेट कंपनी निघाली आणि तिच्यात ही संस्था भागीदार झाली. ते चॉकलेट घराघरांत पोचवणाऱ्यांत चर्च पुढे होती. रविवारच्या उपासनेनंतर चहाच्या टेबलाशेजारी चॉकलेटचं टेबल लागायचं. पिकवणाऱ्याला रास्त भाव मिळावा म्हणून ब्रिटनमध्ये १९९२ साली फेअरट्रेड फाउंडेशन उभं करणाऱ्यांत ख्रिश्चन एड आणि काफोड या चर्चशी जोडलेल्या संस्था होत्या. २०१० मध्ये ‘रिअल ईस्टर एग’ हे फेअरट्रेड चॉकलेटचं अंडं निघालं. मोठ्या दुकानदारांनी ते ठेवायला नकार दिला, तेव्हा चर्चनीच मागण्या नोंदवून ते विकलं.

केळीवाल्यांसाठी त्याहून जवळची गोष्ट स्वित्झर्लंडची आहे. फ्राउएनफेल्ड या गावात १९७३ साली एका पाद्र्याच्या पत्नी उर्सुला ब्रुनर आणि त्यांच्या मैत्रिणींनी एका मोठ्या दुकानसाखळीला विचारलं, की डॉलर उतरल्यामुळे तुम्ही केळी किलोमागे १५ रॅपेनने स्वस्त केलीत, ते पैसे पिकवणाऱ्यांना का देत नाही? गृहिणी स्वस्ताईबद्दल तक्रार करतायत, हे त्या दुकानदारांना नवीनच असणार. पुढे या बायकांनी वाढीव दराने केळी विकली आणि तो वाढीव पैसा उत्पादकांच्या बाजूने वळवला.

या सगळ्याला फार भुलून जायचं कारण नाही. फेअरट्रेडमध्ये कोकोला २०१९ पासून टनामागे २४०० डॉलर किमान भाव आणि वर २४० डॉलर सामुदायिक निधी ठरला. डिसेंबर २०२४ मध्ये बाजारभाव १२ हजारांवर गेला, तेव्हा तो किमान भाव निरर्थक ठरला. चर्चच्या टेबलांवर वर्षानुवर्षं माल पुरवणारी ट्रेडक्राफ्ट कंपनी २०२३ मध्ये बंद पडली. पण पडत्या भावात खाली एक पायरी असते, हे फेअरट्रेडच्या शेतकऱ्याला माहीत असतं. आपल्याकडे जळगावच्या केळीला २०१६ मध्ये भौगोलिक मानांकन मिळालं, २०२१ च्या जूनमध्ये तांदलवाडीहून मानांकित केळी दुबईला गेली. मानांकनाने नाव मिळतं, पायरी मिळत नाही.

आपल्याकडेही देवाधर्माचं बाजारावर राज्य आहेच. श्रावणातले उपास, रमजानची इफ्तार, उत्तरेतली छठ, या दिवसांत केळीची मागणी वर जाते, भाव हलतात. पण घड कोणी पिकवला आणि त्याला काय मिळालं, हे या खरेदीत कोणी विचारत नाही. चर्च तर आपल्याकडेही आहेत. खानदेशात भुसावळ-जळगावकडे अलायन्स मिशनची आणि धुळे-नंदुरबारकडे स्कँडिनेव्हियन अलायन्स मिशनची चर्च झाली. मराठी चर्चमध्ये हंगामाचा सण होतो. लोक धान्य, भाजी, कोंबडी, केळीचा घड आणून ठेवतात आणि उपासनेनंतर लिलाव होतो. तिथे साध्या वस्तूला बाजारापेक्षा बरीच जास्त बोली लागते, कारण समोर बसलेल्या कोणाच्या शेतातून ती आली हे सगळ्यांना ठाऊक असतं. अर्थात तो पैसा मंडळीच्या कामाला जातो, शेतकऱ्याच्या खिशात नाही. तरी वाढीव बोली लावायची सवय अंगात आहे, एवढं त्यातून दिसतं.

निर्यातीच्या पॅकहाऊसमध्ये चित्र जरा वेगळं. तिथे घडाच्या फण्या सुट्या करून तुरटीच्या पाण्यात धुतात, पंख्याखाली वाळवतात आणि तेरा किलोच्या खोक्यात भरतात. वजन सगळ्यांसमोर होतं, दांड्याचा प्रश्नच उरत नाही. पण तिथवर पोचणारा माल थोडा. बाकीचा बांधावरूनच ट्रकमध्ये चढतो.

आणि कोको-केळीतला मोठा फरक इथेच आहे. कोकोच्या बिया आंबवून, वाळवून पोत्यात भरल्या की महिनोन् महिने टिकतात. भाव पटला नाही तर पोतं घरात ठेवता येतं. तयार झालेला घड मात्र झाडावर थांबत नाही. आठवडाभर तोडणी लांबली की केळ पिकायला लागतं, आणि पिकलेलं केळ दिल्लीच्या ट्रकमध्ये चढत नाही. पिकवणीची शीतगृहं व्यापाऱ्याची, ट्रक व्यापाऱ्याचा. बांधावर भावावरून घासाघीस चालते, तेव्हा कोणाला किती दिवस थांबता येईल, हे दोघांनाही नेमकं माहीत असतं.