बदलीचा अर्ज आणि न्यायालयाचा अवमान

"कंटेम्प्ट करू" हे शब्द हल्ली खानदेशातल्या शिक्षकांच्या तोंडी फार सहज येतात. धुळ्याच्या बसस्थानकावर, जळगावच्या शिक्षकांच्या बैठकीत, पंचायत समितीच्या व्हरांड्यात मी ते ऐकतो. बदलीचा अर्ज पडून राहिला की कंटेम्प्ट, साहेबांनी कार्यमुक्त केले नाही की कंटेम्प्ट. वकिलाची फी भरलेली असते, घरात आशा वाढलेली असते आणि वर्षभराने हाती येतो तो 'याचिका निकाली' एवढाच कागद. म्हणून हा खुलासा करावासा वाटला. मी वकील नाही. सत्तावीस वर्षे शिक्षकी केली आणि निवृत्तीनंतर आपल्या शिक्षक बंधुभगिनींचे कागद वाचून देतो, इतकाच माझा अधिकार.

गेल्या पावसाळ्यात एक शिक्षिका वडिलांना घेऊन माझ्याकडे आल्या. नोकरी एका जिल्ह्यात, नवरा आणि मूल दुसऱ्या जिल्ह्यात. त्यांनी आंतरजिल्हा बदली मागितली होती. अर्ज पडून राहिला तेव्हा त्या उच्च न्यायालयात गेल्या आणि 'जिंकल्या'. त्यानंतर सात महिने काही हालचाल झाली नाही, म्हणून अवमान याचिका केली. ती निकाली निघाली आणि बदली झालीच नाही. म्हातारे वडील मला विचारत होते, "त्यासले जेल व्हई का, गुरुजी?" मी बाईंना म्हणालो, आधी मूळ आदेश दाखवा. आदेश इंग्रजीत होता आणि बाई जन्मभर मराठी माध्यमात शिकलेल्या. शेवटच्या परिच्छेदाचा अर्थ त्यांना कोणी नीट सांगितलाच नव्हता.

त्या परिच्छेदाकडे येण्याआधी, बदली हा आपल्या माणसांच्या जिव्हाळ्याचा प्रश्न का आहे ते सांगितले पाहिजे. १९६१ च्या कायद्याने महाराष्ट्रात जिल्हा परिषदा आल्या आणि प्राथमिक शिक्षक त्यांचे नोकर झाले. आपल्या कितीतरी घरांतली पहिली पगाराची नोकरी ही अशीच, खेड्यातल्या शाळेतली. शिक्षकाने मुख्यालयी राहावे असा नियम असतो. पण खोली कोण देणार? आडनाव विचारले जाते, मग 'घरात पाहुणे येणार आहेत' असे सांगितले जाते. सरकारी हुद्दा इथे उपयोगी पडत नाही. १९२९ साली बाबासाहेब मुंबई सरकारच्या समितीचे सदस्य म्हणून खानदेशात आले होते. धुळ्याकडच्या एका गावातल्या बहिष्काराची चौकशी करून परतताना चाळीसगावला टांगेवाल्यांनी त्यांना न्यायला नकार दिला. टांगा हाकण्याची सवय नसलेल्या आपल्याच एका माणसाने तो हाकला, अपघात झाला आणि बाबासाहेबांचा पाय मोडला. आज तसे उघड कोणी करीत नाही. पण खोली न मिळालेली शिक्षिका रोज साठ-सत्तर किलोमीटर एस.टी.ने जाते-येते, आणि उशीर झाला की मुख्यालयी न राहिल्याची नोटीसही तिलाच मिळते. बदलीच्या अर्जामागे हे सगळे असते. अर्जाच्या छापील नमुन्यात मात्र ह्यासाठी रकाना नाही.

उलट बाजूही आहे. जो तोंड उघडतो त्याला दूर फेकता येते. जिल्हा परिषद सेवकांच्या १९६४ च्या शिस्त व अपील नियमांत ज्या शिक्षा दिल्या आहेत त्यांत बदली नाही. बदली ही शिक्षाच नव्हे, प्रशासनाची सोय, असे कायदा मानतो. त्यामुळे आरोपपत्र नाही, चौकशी नाही, एका ओळीत माणूस उचलला जातो. शिक्षा म्हणून केलेली बदली टिकू शकत नाही असे सर्वोच्च न्यायालयाने २००८ साली सोमेश तिवारी प्रकरणात म्हटले आहे. पण ती शिक्षाच आहे हे सिद्ध करण्याचे ओझे शिक्षकावर पडते.

बदली हक्क म्हणून मागता येते काय? ह्याचे उत्तर कडू आहे. बिहारमधल्या प्राथमिक शिक्षिकांचे शिल्पी बोस प्रकरण सर्वोच्च न्यायालयात गेले. ह्या शिक्षिकांना विनंतीवरून नवऱ्यांच्या गावाजवळ बदली मिळाली होती. त्यांच्यामुळे हललेल्या शिक्षकांनी तक्रार केली आणि उच्च न्यायालयाने बदल्या रद्द केल्या. सर्वोच्च न्यायालयाने हा निर्णय फिरवला. बायकांचे भले झाले. पण त्याच निकालात सांगितले गेले की एकाच जागी राहण्याचा हक्क नोकराला नाही, आणि बंधनकारक नियम मोडला असेल किंवा आकस असेल तरच न्यायालयाने हात घालावा. २०२१ साली उत्तर प्रदेशातल्या एका अध्यापिकेने अमरोह्याहून बदली मागितली, तेव्हा अमुकच ठिकाणी पाठवा असा आग्रह नोकराला धरता येत नाही, हे न्यायालयाने पुन्हा बजावले. २०२२ साली एस. के. नौशाद रहमान प्रकरणात न्यायालयाने थोडा वेगळा सूर लावला. धोरण आखताना सरकारने कुटुंबजीवनाचा आणि अपंगांचा विचार केला पाहिजे, असे त्यात म्हटले. तरीही नोकराला थेट हक्क त्यातून मिळाला नाही.

आता अवमान. १९७१ च्या कायद्यात त्याचे दोन प्रकार आहेत. न्यायालयाची बदनामी किंवा न्यायदानात अडथळा हा फौजदारी अवमान. आपला संबंध दुसऱ्याशी, म्हणजे दिवाणी अवमानाशी. न्यायालयाच्या आदेशाचा किंवा न्यायालयाला दिलेल्या हमीचा हेतुपुरस्सर भंग म्हणजे दिवाणी अवमान. 'हेतुपुरस्सर' ह्या शब्दावर सगळे अडते. आदेशाची प्रत साहेबांना मिळाली होती, तिचा अर्थ स्पष्ट होता, पालन शक्य होते आणि तरी केले नाही, इतके दाखवावे लागते. शिक्षा जास्तीत जास्त सहा महिने साधी कैद किंवा दोन हजार रुपये दंड, किंवा दोन्ही. खरी वाटणारी माफी मागितली तर सुटका. कलम २० प्रमाणे भंग झाल्यापासून एका वर्षाच्या आत दाद मागावी लागते. म्हणून आदेशाची प्रत हाती नेऊन द्या आणि पोच घ्या, शिक्का व तारीख असलेली.

खानदेशात ह्या कायद्याने कोणी तुरुंगात गेलेच नाही असे नाही. मे २००६ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने नवापूरचे नेते सुरूपसिंग नाईक ह्यांना एक महिन्याची साधी कैद सुनावली. वनमंत्री असताना न्यायालयाची बंदी डावलून आरागिरण्यांना परवानगी दिल्याचा तो ठपका होता. वन खात्याच्या प्रधान सचिवांनाही तीच शिक्षा झाली. आपल्याकडचे लोक हे उदाहरण देतात आणि म्हणतात, मंत्री आत जातो तर शिक्षणाधिकारी का नाही? कारण तिथला आदेश 'करू नका' असा होता. त्यात पळवाट नव्हती.

बाईंच्या आदेशात काय होते? याचिकाकर्तीच्या निवेदनावर आठ आठवड्यांत कायद्यानुसार निर्णय घ्यावा. बस. बदली करा असे कुठेच नव्हते. खंडपीठापुढच्या असंख्य याचिका अशाच मिटतात. सरकारी वकील हरकत घेत नाहीत, आपल्या वकिलालाही समाधान वाटते, सुनावणी पाच मिनिटांत संपते. सात महिने निर्णय घेतला नाही हा अवमान खराच होता. पण अवमानाची नोटीस निघताच साहेबांनी एका पानाचा निर्णय दिला की विनंती अमान्य, आणि उशिराबद्दल माफी मागितली. आदेश होता निर्णय घेण्याचा, आणि तो घेतला गेला. तो चूक की बरोबर हे अवमानाच्या प्रकरणात तपासता येत नाही. त्यावर नव्याने याचिका करावी लागते, हे सर्वोच्च न्यायालयाने १९९६ साली जे. एस. परिहार प्रकरणात स्पष्ट केले आहे. अवमान याचिका फेटाळली तर कलम १९ खाली अपीलही नाही, ते फक्त शिक्षा झालेल्याला आहे.

मला ह्यात वकिलांचा राग येतो, तसाच आपलाही येतो. दर ३१ जुलैला लळिंगच्या लांडोर बंगल्यावर आपण हजारोंनी जमतो. बाबासाहेब धुळ्याला आले होते ते न्यायालयाच्या कामासाठी. त्या माणसाचे अनुयायी म्हणवणारे आपण स्वतःच्या प्रकरणाची मागणी काय लिहिली आहे हेही वाचीत नाही. 'विचार करावा' आणि 'बदली करावी' ह्यांत किती अंतर आहे हे व्याकरण शिकवणाऱ्या शिक्षकाला कळू नये?

जाता जाता आणखी एक. 'प्रकरण न्यायप्रविष्ट आहे' असे सांगून अर्ज बाजूला ठेवतात. नुसती याचिका किंवा अपील दाखल झाल्याने काहीही थांबत नाही. स्थगिती असेल तर तिची प्रत मागा.

बाईंना मी म्हणालो, अवमान विसरा, नकाराचे कारण वाचा. कारण एका ओळीचे होते: बिंदुनामावलीनुसार मागितलेल्या जिल्ह्यात अनुसूचित जातीची जागा रिक्त नाही. आंतरजिल्हा बदलीत शिक्षक ज्या प्रवर्गातून नेमला गेला, त्याच प्रवर्गाची जागा नव्या जिल्ह्यात मोकळी असावी लागते, आणि तिथे गेल्यावर त्याची सेवाज्येष्ठता शेवटची धरली जाते. म्हणजे आरक्षणाने दिलेली खुर्ची कधीकधी माणसाला खिळवूनही ठेवते. मी विचारले, "बाई, तुमची निवड कोणत्या यादीतून झाली?" त्या म्हणाल्या, "सर, खुल्या यादीत नाव होते माझे. वयाची सवलतही घेतली नव्हती."

मी खुर्चीत सरळ बसलो. १९९५ च्या आर. के. सभरवाल निकालापासून हे ठरलेले आहे की गुणवत्तेवर खुल्या जागेवर निवडलेला मागासवर्गीय उमेदवार राखीव जागेवर मोजायचा नाही. सवलत घेतलेली असेल तर वाद होतात, इथे तीही नव्हती. मग बाई अनुसूचित जातीच्या बिंदूवर कशा? माहितीच्या अधिकारात दोन कागद मागितले: नेमणुकीच्या वेळची निवड यादी आणि नाशिकच्या विभागीय आयुक्तांच्या मागासवर्ग कक्षाने तपासलेली बिंदुनामावली. पहिल्यात त्यांचे नाव खुल्या प्रवर्गात होते, दुसऱ्यात अनुसूचित जातीच्या बिंदूवर. जातीचा दाखला पाहून कोणा कारकुनाने ते तिथे बसवले असावे. ह्या एका चुकीने बाईंची वाट अडली, आणि त्यांच्या जिल्ह्यात अनुसूचित जातीच्या एका उमेदवाराची जागाही भरलेली दिसत राहिली.

नवी याचिका ह्या दोन कागदांवर झाली आहे. ह्या वेळी मागणीचा मसुदा आधी मराठीत लिहिला आणि मग वकिलांना दिला. पहिली मागणी नकाराचे पत्र रद्द करण्याची, दुसरी बिंदुनामावलीतली नोंद दुरुस्त करण्याची, आणि तिसरी अशी की मागितलेल्या जिल्ह्यात खुल्या प्रवर्गाची जागा रिक्त असल्यास, बदलीच्या इतर अटी पाहून, ठरावीक मुदतीत बदलीचा आदेश काढावा. 'विचार करावा' हे शब्द बाईंनी स्वतः खोडले. सुनावणीची तारीख अजून लागायची आहे.