‘बनियन डे’ : खलाशांचा निरामिष वार

वाढवण बंदराला केंद्रीय मंत्रिमंडळाने १९ जून २०२४ रोजी मंजुरी दिली. परंतु वाढवणसमोरचा समुद्र जहाजांना नवा नाही. मुंबई-सुरत जलमार्ग याच किनाऱ्यालगतचा. या मार्गावर वावरणाऱ्या इंग्रज खलाशांनी आपल्या वणिक समाजाच्या नावाने एक गमतीदार शब्द रूढ केला : ‘बनियन डे’. अर्थ, जहाजावर मांस न मिळण्याचा दिवस.

संस्कृत ‘वणिज्’, मराठी ‘वाणी’, गुजराती ‘वाणियो’. हे गुजराती नाव प्रथम पोर्तुगीजांनी उचलले. १७३९च्या मराठ्यांच्या मोहिमेपर्यंत डहाणूचा किनाराही त्यांच्याच अमलाखाली होता. त्यांच्याकडून ते इंग्रजीत गेले. इराणमधील बंदर अब्बासजवळ एका वडाखाली वाण्यांनी छोटे देऊळ बांधले होते. प्रवाशांनी त्या झाडालाच ‘बनियन’ म्हटले आणि वडाला इंग्रजी नाव मिळाले. आपल्या अंगातील ‘बनियन’ही त्याच शब्दाचा वंशज.

१६८९ मध्ये सुरतेस आलेला पाद्री जॉन ओव्हिंग्टन आपल्या प्रवासवर्णनात सांगतो, की या भागात युरोपीय खलाशांना आठवड्यातून एक-दोन दिवस खिचडीवर राहावे लागे आणि या ‘बनियन’ दिवसांचा त्यांना मनस्वी तिटकारा होता. ज्या खिचडीने आपल्याकडे दिवसभराचा शीण उतरतो, ती त्यांना शिक्षा वाटावी! पुढे हा शब्द ब्रिटिश आरमारात मुरला. अठराव्या शतकात तेथे सोमवार, बुधवार व शुक्रवार हे बिनमांसाचे वार असत. वाटाणे, ओटचे पीठ, लोणी आणि चीज एवढाच शिधा. कारण काटकसरीचे, जीवदयेचे नव्हे. तरीही नाव मात्र अहिंसा पाळणाऱ्यांचे, तेही कुचेष्टेने.

‘बनियन फाइट’ असाही एक प्रयोग ओव्हिंग्टनने नोंदविला आहे : तोंडाची लढाई, जी हातघाईवर कधीच जात नाही. पेढीवरच्या हिशेबाच्या वादांचे याहून नेमके वर्णन सापडणे कठीण. थट्टेच्या हेतूने दिलेले हे प्रशस्तिपत्रच म्हणावे लागेल, कारण शब्दाला शब्द वाढूनही रक्त न सांडणे हा काही दुर्गुण नव्हे.

१८८६ च्या ‘हॉब्सन-जॉब्सन’ या कोशात ही सारी रूपे नोंदलेली आहेत. त्यानंतर मात्र शब्दाने कूस पालटली. आज ब्रिटिश आरमारात ‘बनियन’ म्हणजे खलाशांची किनाऱ्यावरील सहल, आणि तिथे शेगडीवर भाजले जाते ते मांसच.