अनंताचं रोप विकण्याआधी पाणी तपासा

सावलीतल्या बाल्कनीसाठी कोणतं झाड विकू, हा प्रश्न नर्सरीच्या प्रत्येक बॅचमध्ये येतो. फ्लॅटमध्ये ऊन कमी, जागा कमी. गिऱ्हाइकाला झाड बारमाही हिरवं हवं, फार उंच जाणारं नको, आणि शक्यतो वासाचं फूल हवं. या सगळ्यात बसणारं एक जुनं नाव म्हणजे अनंत. उत्तरेत आणि बंगालमध्ये यालाच गंधराज म्हणतात. कोकणात, गोव्यात घराच्या मागे दिसतो तोच. हा कॉफी आणि इक्झोऱ्याच्या कुळातला. मूळ देश दक्षिण चीन, जपान, व्हिएतनामकडचा.

तर आमच्या बॅचमधल्या पुण्याच्या एका ताईंनी नेमका हाच विचार केला. कोकणातून 40 रोपं आणली. काळीशार हिरवी पानं, कळ्या लागलेल्या. सोसायटीच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर फोटो टाकले, दोन आठवड्यांत 14 रोपं गेली. हे जूनमध्ये. पावसाळाभर सगळं छान. फेब्रुवारी-मार्च उजाडला आणि फोन सुरू झाले. "ताई, तुमचं झाड पिवळं पडलं." एकीने तर ग्रुपवरच फोटो टाकला. ताईंच्या टेरेसवर उरलेल्या 26 रोपांचीही तीच गत होती.

ताईंना वाटलं खत कमी पडलं. त्यांनी शेणखत घातलं, मग कोणीतरी सांगितलं म्हणून राख घातली. राखेने तर आणखी बिघडलं. का, ते बघू.

अनंताला आम्लधर्मी माती लागते. पीएच साधारण 5 ते 6.5. कोकणात जांभ्याची माती आहे, भरपूर पावसाने तिच्यातले क्षार वाहून गेलेले असतात, त्यामुळे ती मुळातच आम्लधर्मी. घाटावर उलटं. आपली काळी माती बेसाल्ट खडकापासून झालेली, तिच्यात चुनखडी असते, पीएच बऱ्याच ठिकाणी 7.5 ते 8.5. अशा मातीत लोह असतं, पण मुळांना घेता येईल अशा रूपात राहत नाही. ताट भरलेलं आहे, पण तोंड शिवलेलं, अशी झाडाची अवस्था. राख स्वतःच अल्कधर्मी, म्हणून तिने भर घातली.

आता तुम्ही म्हणाल, ताईंची रोपं तर कोकणातल्या मातीतच होती. बरोबर! म्हणूनच हा लेख लिहितोय. माती चांगली होती, पाणी चुकलं. टेरेसवर बोअरचं पाणी होतं. ज्या पाण्याने बादलीला आणि गिझरच्या कॉइलला पांढरा थर धरतो, त्या पाण्यात बायकार्बोनेट असतं. रोज थोडं थोडं करत ते कुंडीतल्या मातीचा पीएच वर नेतं. पावसाळ्यात पावसाचं मऊ पाणी कुंडी धुऊन काढतं, म्हणून झाड टिकतं. दिवाळीनंतर फक्त बोअरचं पाणी, आणि चार महिन्यांत पानं बोलायला लागतात.

पिवळेपणा ओळखायला शिका, गिऱ्हाइकाचा फोटो आला की उपयोग होतो. शेंड्याची नवी पानं पिवळी आणि शिरा मात्र हिरव्या, तर ती लोहाची कमतरता. खालची जुनी पानं अधूनमधून एखाद-दुसरं पिवळं पडून गळत असेल तर घाबरायचं कारण नाही. खालची पानं एकदम भराभर पिवळी पडत असतील तर आधी कुंडीचं भोक बघा, पाणी साचलेलं असतं.

खरेदीच्या वेळची एक फसगत सांगतो. डबल तगर अनंत म्हणून खपवली जाते. फुलं दुरून सारखी दिसतात. एक पान तोडा. पांढरा चीक आला तर ती तगर. तगर वाईट झाड नाही, उलट ती मातीच्या बाबतीत कमी नखऱ्याची. पण अनंताच्या भावात तगर घेऊ नका आणि विकूही नका.

मग करायचं काय? रोपं आणण्याआधी तुमच्याकडचं पाणी तपासा. पीएचच्या पट्ट्या ॲक्वेरियमच्या दुकानात किंवा ऑनलाइन मिळतात. मातीची घरगुती चाचणी त्याहून सोपी: कोरड्या मातीवर थोडं व्हिनेगर ओता. फसफसलं तर चुना आहे, ती माती अनंताला नको.

कुंडीसाठी धुतलेलं कोकोपीट, कुजलेला पालापाचोळा, आणि मिळाली तर जांभ्याची लाल माती. कोकोपीट धुवायचा कंटाळा करू नका, त्यात क्षार असतात. हाडांचं खत, चुना, राख हे तिघेही बाहेर. पाणी जड असेल तर पावसाचं पाणी साठवा. तेवढी टाकी नसेल तर बादलीत लिंबूसत्त्व चिमूट-चिमूट विरघळवत पट्टी 6 च्या आसपास येईपर्यंत जायचं. एकदा तुमच्या पाण्याचं माप कळलं की रोज पट्टी लागत नाही.

पिवळ्या पडलेल्या झाडावर हिराकशीची फवारणी चालते, लिटरला दोन-अडीच ग्रॅम, संध्याकाळी, आधी दोन-चार पानांवर करून बघा. फक्त गिऱ्हाइकाला सांगा की फरशीवर सांडू देऊ नका, तांबडे डाग जात नाहीत. झाड सुधारेल पण बाल्कनीची फरशी खराब झाली म्हणून भांडण येईल! कुंडीत घालायला चिलेटेड लोह घेणार असाल तर पुडीवरचं नाव वाचा. ईडीटीए प्रकार जास्त पीएचला टिकत नाही, तिथे ईडीडीएचए लागतो. तो महाग आहे. दुकानदार सहसा पहिलाच हातात देतो.

सावलीबद्दल खोटं बोलू नका. अनंत सावलीत जगतो, पण डक्टच्या अंधारात फुलत नाही. सकाळचं तीन-चार तास कोवळं ऊन आणि दुपारी सावली, म्हणजे पूर्वेची बाल्कनी, हे त्याचं घर. कळ्या असलेलं रोप हलवलं, कुंडी बदलली, पाण्याची हेळसांड झाली की कळ्या गळतात. कळ्यांचं रोप लवकर विकलं जातं हे खरं, तक्रारही त्याचीच लवकर येते. लहान बाल्कनीला बुटकी, पसरणारी जात द्या. मोठी जात जमिनीत माणसाच्या उंचीइतकी सहज होते.

स्वतः रोपं करायची असतील तर पावसाळा उत्तम. अर्धवट पिकलेल्या फांदीचे बोटभर लांब तुकडे, वरची दोन-तीन पानं ठेवून, रूटिंग पावडर लावून ओलसर कोकोपीटमध्ये. वरून प्लास्टिकची पिशवी आणि 50 टक्क्यांची शेडनेट. मुळं यायला दीड-दोन महिने धरा. पानामागे पिठ्या ढेकूण दिसला तर लगेच कडुनिंबाचं तेल, नाहीतर वर काळी बुरशी येते.

हिशोब मी नेहमी सावधपणे करायला सांगतो. समजा 100 काड्या लावल्या, 60 ना मुळं आली, विकण्यासारखी 50 झाली. म्हणजे 100 काड्यांचा खर्च या 50 रोपांवर चढवायचा. समजा एका रोपाला 60 रुपये पडले आणि तुम्ही 150 ला विकलं, तर सुटतात 90. आता तीन रोपं बदलून द्यावी लागली तर 180 गेले, म्हणजे दोन विक्रींची कमाई संपली. रोपासोबत दोन ओळींची चिठ्ठी दिली, पाणी कोणतं आणि ऊन किती, तर हा खर्च बराच वाचतो. चिठ्ठी छापायला काय लागतं?

पुण्याच्या ताईंनी त्या 14 पैकी 9 गिऱ्हाइकांच्या घरी स्वतः जाऊन कुंडी बदलून दिली, पैसे घेतले नाहीत. उरलेली 26 रोपं विकायची नाहीत असं ठरवलं. टेरेसवर पत्र्याच्या पन्हाळीखाली दोन ड्रम ठेवले आणि ती रोपं मातृरोपं म्हणून राखली. आता काड्या त्यांच्यावरूनच काढतात, आणि गिऱ्हाइकाला पहिला प्रश्न विचारतात, "तुमच्याकडे पाणी बोअरचं की कॉर्पोरेशनचं?" बोअरचं म्हटलं की चिठ्ठीसोबत लिंबूसत्त्वाची पुडी देतात, नाहीतर सरळ तगर दाखवतात.