वहीतले रकाने, फोनमधले रकाने

बीड जिल्ह्याच्या पश्चिम टोकाला, अहिल्यानगरच्या हद्दीला लागून असलेल्या आष्टी तालुक्यात पाऊस बेभरवशाचा असल्यामुळे दूधधंदा नावापुरताच जोडधंदा राहिला असून अनेक घरांचा रोजचा खर्च त्यावर चालतो. या धंद्यातला नवा उपक्रम, मग ते गावातले दूध संकलन केंद्र असो, बचत गटाचा खव्याचा उद्योग असो किंवा शेतकरी उत्पादक कंपनी, म्हणजे किमान दहा उत्पादकांना एकत्र येऊन स्थापता येणारी आणि २००२ सालच्या दुरुस्तीने कंपनी कायद्यात आलेली संस्था असो, थोडा वाढला की वही अपुरी पडू लागते आणि फोनवर कोणते साधन घ्यावे हा प्रश्न उभा राहतो.

या प्रश्नाचे निम्मे उत्तर त्या वहीतच असते. उत्पादकाचा क्रमांक, सकाळ की संध्याकाळ, लिटर, फॅट म्हणजे स्निग्धांश, एसएनएफ म्हणजे स्निग्धांश वगळून उरणारे घन घटक, दर आणि रक्कम एवढे रकाने तीत असतात. गाईच्या दुधाचा भाव ३.५ फॅट आणि ८.५ एसएनएफ ही पातळी धरून ठरतो, त्याखालच्या दुधाला कपात लागते, आणि दर दहा दिवसांच्या ‘पगारा’ची बेरीज याच रकान्यांतून निघते. असे काम स्प्रेडशीटवर, म्हणजे एक आकडा बदलताच त्यावर अवलंबून असलेल्या बेरजा आपोआप बदलणाऱ्या तक्त्यावर, सहज बसते. गूगल शीट्स २००६ पासून उपलब्ध असून त्यात एकाच तक्त्यावर अनेकांना लिहिता येते. उधारीचीच डोकेदुखी असलेल्या दुकानाला मात्र खाताबुकसारखे, येणे-देणे मांडणारे आणि गिऱ्हाइकाला आठवण पाठवणारे ॲप पुरते. आणि जिथे लेखापरीक्षण सक्तीचे आहे त्या उत्पादक कंपनीला टॅलीसारख्या, प्रत्येक व्यवहार नावे आणि जमा अशा दोन्ही बाजूंनी नोंदवणाऱ्या प्रणालीकडे वळणे सोयीचे पडते.

हिशेब झालेल्या गोष्टींचा असतो, काम व्हायच्या गोष्टींचे. आणि नव्या उपक्रमांची गफलत बहुधा इथेच होते. व्हॉट्सॲपच्या गटावर ‘उद्या पशुखाद्याची गाडी येणार, कुणीतरी थांबा’ असा निरोप पडतो, तासाभरात शुभेच्छांच्या चित्रांनी तो वर ढकलला जातो, आणि ‘कुणीतरी’ या नावाचा सभासद कोणत्याच गटात नसल्यामुळे गाडी कुलूप लावलेल्या गोदामापुढे उभी राहते. निरोप आणि काम यांतला फरक एवढाच की कामाला एक नाव आणि एक तारीख चिकटलेली असते. जपानमधील टोयोटा कारखान्यात ताइची ओनो यांनी रुजवलेल्या ‘कानबान’ पद्धतीत चिठ्ठीवरून पुढचे काम कळत असे. २०११ साली आलेल्या ट्रेलोने तीच कल्पना पडद्यावर आणली आणि ‘करायचे’, ‘चालू’, ‘झाले’ अशा रकान्यांतून चिठ्ठ्या सरकवण्याची सोय केली. चार-पाच जणांच्या उपक्रमाला केंद्राच्या भिंतीवरचा खडूचा फळाही तितकाच उपयोगी पडतो, फक्त तो शेतात बसून वाचता येत नाही.

साधन निवडताना मोबाईलची रेंज गेल्यावर नोंद होते का, मराठीत लिहिता येते का आणि माणसे वाढली की दरमहा शुल्क किती चढते, हे पाहणे ओघानेच येते. सर्वांत दुर्लक्षित राहणारी कसोटी वेगळीच आहे: उद्या ते ॲप बंद पडले किंवा सोडावेसे वाटले, तर सगळ्या नोंदी तक्त्याच्या रूपात बाहेर काढता येतात का? ज्या साधनातून नोंदी बाहेर येत नाहीत ते फुकट मिळाले तरी महागच पडते. शिवाय नोंद करणारी व्यक्ती आधी ठरावी लागते. बचत गटांच्या पंचसूत्रीत बैठक, बचत, अंतर्गत कर्ज आणि परतफेड यांच्या जोडीला नियमित लेखे हे सूत्र मुद्दाम आहे, आणि ते लेखे लिहिणाऱ्या बाईला जे साधन हाताळता येत नाही ते गटाच्या दृष्टीने नसल्यासारखेच.

म्हणून किमान तीन पगार वही आणि फोन दोन्हींवर नोंद ठेवून बेरजा ताडून पाहणे शहाणपणाचे ठरते. दोन्हींत फरक आला तर आधी संध्याकाळच्या दुधाच्या नोंदी तपासाव्यात, कारण आदल्या संध्याकाळचे दूध सकाळी चढवले की फोन त्यावर आपणहून त्याच दिवसाची तारीख टाकतो.